पाकडाशी जेठूंच्या पुड्या

"उलटी झाल्यावर पाणी प्यावंसं वाटतं ना, ते गार की कोमट?"

अणिमाबौदी, माझी वहिनी, भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"घोट घोट लागतं, की एकदम ग्लासभर?"

मी दारात उभी राहून ऐकत होते आणि माझं डोकं फिरत होतं. "जेठू, तिच्या पोटात पाण्याचा थेंब ठरत नाहीये आणि तुम्ही गार-कोमट काय घेऊन बसलात? औषध द्यायचं तर द्या, नाहीतर चला, चहा प्या."

"चहा नंतर," पाकडाशी जेठू वहीतून मान वर न करता म्हणाले. "तू वर्गात मुलींना प्रश्न विचारतेस तेव्हा मी मध्ये तोंड घालायला येतो का, बुलू?"

तेवढ्यात भिंतीकडून बौदीचा आवाज आला. "कोमट. आणि घोट घोट. गार पाण्याला गंजक्या डब्याची चव येते."

दोन दिवसांत ती पहिल्यांदाच सलग इतकं बोलली होती. मी चहाचा विषय सोडला. पण पटलं म्हणून नव्हे.

मणिमोहन पाकडाशी कलकत्त्याजवळ आमच्या कोन्नगरच्या गल्लीत तिसऱ्या घरात राहतात. आमच्या वडिलांपेक्षा दोन वर्षांनी मोठे, म्हणून आम्हा सगळ्यांचे जेठू. सदतीस वर्षं तागाच्या गिरणीत टाइमकीपर होते. कोण किती वाजता आत शिरला, कोण किती मिनिटं उशिरा आला, हे लिहायचं काम. गिरणी सुटली, लिहायची सवय सुटली नाही. लग्नात सासऱ्यांनी त्यांना एक लाकडी पेटी दिली होती, होमिओपॅथीच्या शहाण्णव इवल्याशा बाटल्यांची. "बाबांनी सोन्याऐवजी साबुदाणा देऊन जावयाला गंडवलं," असं त्यांची बायको हयात असेपर्यंत सांगायची आणि हसायची. आमच्याकडे दर तिसऱ्या घरात अशी एक पेटी आणि ती उघडून बसणारा एक निवृत्त माणूस असतोच. बाकीचे सर्दी-पडशावर आणि पोरांच्या जंतांवर थांबतात. जेठू कशावरच थांबत नाहीत.

मी मुलींच्या शाळेत फिजिक्स शिकवते. या गोळ्यांबद्दलचं माझं मत गल्लीतल्या कुत्र्यांनासुद्धा माहीत आहे. दर्यामें खसखस टाकायची आणि मग दर्यालाच औषध म्हणायचं, याला मी विद्या म्हणत नाही. जेठूंच्या तोंडावर मी हे शंभरदा बोललेय. ते म्हणायचे, "असेल, असेल. पण तुझ्या गुडघेदुखीचं सांग, जिना चढताना जास्त की उतरताना?" आणि मी मूर्खासारखी उत्तर द्यायचे.

तर या माणसाला घरात बोलावलं माझ्या भावाने, सौरीनदादाने, आणि तेही माझ्या नाकावर टिच्चून. कारण बौदीने तिसऱ्या केमोला जायचं नाही म्हणून सांगितलं होतं.

ऑपरेशन होऊन गाठ निघाली होती. पुढे एकवीस-एकवीस दिवसांनी सहा केमो घ्यायच्या होत्या. दोन झाल्या आणि बौदीने हात टेकले. केस गेले त्याचं तिला काही वाटलं नाही. तोंडात फोड आले तेही तिने सोसलं. पण तिला माशाचा वास सोसेना. आमच्या घरात, जिथे दादा रोज सकाळी पिशवी घेऊन बाजारात जातो आणि माशाचा कल्ला उघडून बघितल्याशिवाय त्याचा दिवस उजाडत नाही, तिथे महिनाभर मासा शिजला नव्हता. दादा ऑफिसच्या कँटीनमध्ये चोरून खायचा आणि बडीशेप चघळत घरी यायचा. बौदी फाटकातच ओळखायची. "रुई मासा खाल्लास. तिकडेच थांब."

"सहा म्हणे!" ती मला म्हणाली होती. "दोनमध्ये माझी चव गेली, झोप गेली. उरलेल्या चारमध्ये मीच जाईन. मला घरात मरू दे, बुलू."

कलकत्त्याच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, अर्धवट सोडलंत तर आतापर्यंतचं सगळं पाण्यात जाईल. सहाच्या सहा व्हायलाच हव्यात. मी बौदीला समजावलं, रागावले, रडले, आकडे दाखवले. भिंतीला सांगितलं असतं तर भिंत तरी वळली असती.

आणि जेठूंनी मात्र तिला पाणी गार की कोमट विचारून बोलतं केलं.

ते दीड तास बसले. पायांची आग होते ती पांघरुणात की बाहेर? कुशीवर झोपतेस ती कोणत्या? स्वप्नात कोण येतं? (बौदीची मेलेली मावशी यायची, आणि दर वेळी तिच्या हातात ओला टॉवेल असायचा. मला हे बावीस वर्षांत माहीत नव्हतं.) मळमळ नेमकी कधी सुरू होते?

"केमोचं लाल औषध लावतात तेव्हा," मी म्हटलं.

"तुला विचारलं नाही. अणिमा, तू सांग."

बौदी उठून बसली. जरा लाजून म्हणाली, "जेठू, त्याच्या खूप आधी. टॅक्सी बाली ब्रिजवर चढते ना, पलीकडे दक्षिणेश्वरचं देऊळ दिसतं. मी हात जोडते आणि तिथेच घशाशी येतं. देवीसमोर, शी! कुणाला सांगितलं नाही."

"पुलाच्या मध्यावर की चढतानाच?"

"चढतानाच."

जेठूंनी लिहिलं. मग विचारलं, "हॉस्पिटलने उलटीची गोळी दिलीय ती कधी घेतेस?"

"उलटी झाल्यावर. आधी कशाला फुकट घ्यायची?"

मी कपाळावर हात मारला. कागदावर ठळक लिहिलं होतं, एक तास आधी. मीच ते दोनदा वाचून दाखवलं होतं. पण वाचून दाखवणं आणि विचारणं यात फरक असतो, हे मला, पंचवीस वर्षं वर्गात उभी राहणाऱ्या बाईला, त्या दिवशी कळलं. बरं काही वाटलं नाही ते कळून.

"ती गोळी पुलाच्या आधी तासभर घ्यायची," जेठू म्हणाले. "ते त्यांचं औषध, त्याची वेळ त्यांनी ठरवलीय. आणि हे माझं."

त्यांनी पेटी उघडली. स्पिरिटचा गोडसर वास आला. दोन बाटल्या काढून बराच वेळ दोन्हींकडे बघत बसले, मग एक ठेवून दिली. कोऱ्या गोळ्यांवर औषधाचे थेंब सोडले, कागदाच्या चौकोनी तुकड्यांच्या पुड्या वळल्या, प्रत्येकीवर आकडा घातला. पुड्या वळताना त्यांची बोटं अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही थरथरत नव्हती. "हात लावायचा नाही. कागदावरून सरळ जिभेवर. कच्चा कांदा नाही, कापूर नाही. आणि एक लक्षात ठेव, अणिमा. औषध लागू पडलं की त्रास आधी उफाळतो, मग उतरतो. उफाळला तर घाबरायचं नाही. ते शुभ लक्षण."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं. ऐकून नाकही मुरडलं होतं. पण ते मनात धरून ठेवायला हवं होतं, ते ठेवलं नाही.

तिसरी केमो बौदीने काढली. पुलावर तिने डोळे मिटून हात जोडले, तोंडात जेठूंची पुडी, पोटात तासापूर्वीची हॉस्पिटलची गोळी. उलटी झाली ती दोनदाच, तीही घरी आल्यावर. रोज सकाळी सातला जेठू खिडकीशी यायचे, डोक्यावर माकडटोपी, काखेत वही. "तोंडाची चव?" "आज गंज कमी आहे." "झोप?" "मावशी आली नाही." दोघं तासभर गप्पा मारायची. दहाव्या दिवशी बौदीने मुडी, म्हणजे कुरमुरे, आणि कच्चं खोबरं मागून खाल्लं. दादा तर जेठूंच्या पाया पडायचा बाकी होता. "बघितलंस?" तो मला म्हणाला. "हातच्या काकणाला आरसा कशाला?"

आता माझी गंमत ऐका. मला आनंद झालाच. पण त्या आनंदाच्या बुडाशी काहीतरी टोचत होतं. एकदम तीन गोष्टी बदलल्या होत्या: गोळी वेळेवर, जेठूंचे प्रश्न आणि जेठूंच्या पुड्या. यातलं काम नेमकं कुणी केलं? माझ्या वर्गातल्या मुलीने असा प्रयोग मांडला असता तर मी तिला बाकावर उभी केली असती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. आणि खरं सांगायचं तर मत्सरही होता. माझं ऐकत नाही, आणि साखरेचं ऐकते!

होमिओपॅथीच्या दुकानात कोऱ्या गोळ्या मिळतात, औषध न टाकलेल्या. मी शाळेतून येताना एक बाटली आणली. चौथ्या केमोच्या पुड्या जेठूंनी आणून दिल्या त्या संध्याकाळी स्वयंपाकघराचं दार लोटून मी एकेक पुडी उलगडली, त्यातल्या गोळ्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकल्या आणि कोऱ्या भरल्या. घड्या मात्र जेठूंसारख्या जमेनात. बौदीच्या लक्षात आलेलं दिसलं नाही.

चौथी तिसरीपेक्षा सोपी गेली.

मी मनातल्या मनात नाचले. एका माणसावरच्या एका प्रयोगाने काही सिद्ध होत नाही, हे मला पाठ आहे, तरी नाचले. ठरवलं, सहावी होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. मग जेठूंना बरणी दाखवायची आणि त्यांचा चेहरा बघायचा.

अकरावा दिवस शनिवार होता. सकाळी अकराच्या सुमारास मी बौदीच्या खोलीत गेले, तर ती दोन रजया घेऊन पडलेली आणि दात वाजतायत. पण चेहऱ्यावर हसू.

"बुलू, उफाळलं गं! पहाटेपासून ताप आहे. जेठू म्हणाले होते ना? औषध मुळाशी पोचलं."

"किती आहे?"

"एकशे एक पॉइंट सहा. घाबरू नकोस. शुभ लक्षण आहे."

हॉस्पिटलच्या कागदावर लाल चौकटीत एकच वाक्य होतं. ताप शंभराच्या वर गेला तर थांबू नका, लगेच या. कारणही त्यांनी मला समजावलं होतं. केमोनंतर दहा-बारा दिवसांनी अंगातल्या लढणाऱ्या पेशी तळाला जातात, साधा जंतूसुद्धा काही तासांत माणूस नेतो. मी दादाला हाक मारली. दादाने जेठूंना हाक मारली. आमच्या घरात हाका अशाच क्रमाने जातात.

जेठू आले. टोपी काढली, वही उघडली. "आधी थंडी वाजली की आधी अंग तापलं?"

"आधी थंडी."

"तहान?"

"नाही."

ते लिहीत राहिले. मग त्यांनी बौदीच्या कपाळाला हात लावला आणि त्यांचा चेहरा खुलला. "छान. अगदी हवा तसा उफाळा आहे. संध्याकाळपर्यंत थांबू या. आता मध्येच दुसरं औषध गेलं तर केलेलं सगळं बिघडेल."

"जेठू, हॉस्पिटलला न्यायला हवं," मी म्हटलं. "आत्ता. कागदावर लिहिलंय."

"कागद सगळ्यांसाठी एकच असतो, बुलू. ही केस मी रोज बघतोय."

"तू नेहमी असंच करतेस," बौदी रजईतून म्हणाली. "चाललंय ते बरं चाललंय ना? बाली ब्रिज परत नको मला. आज नको."

दादा इकडे बघ, तिकडे बघ. "संध्याकाळपर्यंतच तर म्हणतायत ते," तो म्हणाला.

बाहेर दुपारचं ऊन पडलं होतं, कोणीतरी गच्चीवर डाळीच्या वड्या घालत होतं. मी आत गेले, लोणच्याची बरणी आणली आणि जेठूंच्या वहीवर ठेवली.

"हे तुमचं औषध. ती खातेय ती साखर आहे. कोरी. मी बदलली."

बौदीने रजई तोंडावरून खाली ओढली आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर मी अजून विसरलेले नाही.

जेठूंनी बरणी उचलून उजेडात धरली. "कधीपासून?"

"चौथीपासून. पहिल्या पुडीपासून. एकही दाणा गेला नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

मला वाटलं होतं ते ओरडतील. दादाने तर तोंड उघडलंही होतं. पण जेठू नुसते विचार करत बसले, गिरणीच्या फाटकात उशिरा आलेल्या कामगाराचं कारण ऐकून घेत असावेत तसे. मग त्यांनी वही मिटली.

"मग हा ताप माझा नव्हे," ते म्हणाले. "औषधच नाही तर उफाळा कसला? सौरीन, टॅक्सी बोलाव. अणिमा, ऊठ. कागद घे तो लाल चौकटीचा."

आणि माकडटोपी चढवून ते स्वतः पुढच्या सीटवर बसले. पुलावर बौदीने हात जोडले नाहीत. तिला शुद्ध अर्धीच होती.

पाच दिवस तिला काचेच्या खोलीत ठेवलं होतं. रक्तात जंतू शिरले होते. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर मी तुम्हाला काय सांगितलं असतं मला माहीत नाही." मी मान हलवली. काही सांगितलं नाही त्यांना. सांगण्यासारखं होतं काय?

बौदी घरी आली, पण माझ्याशी बोलेना. चहा ठेवला की प्यायची, कप भिंतीकडे सरकवायची. चौथ्या दिवशी मीच म्हटलं, "वाचलीस ना?"

"वाचले. तू वाचवलंस. पण तू मला साखर चारलीस आणि मी तुला 'आज बरं वाटतंय' म्हणून सांगत होते, तेव्हा तू मनात हसत होतीस." ती रडत नव्हती, तेच वाईट. "त्या पुडीच्या जिवावर मी पूल ओलांडायचे. आता पाचवीला कशाच्या जिवावर जाऊ? सांग ना, शिकवतेस ना तू?"

मी तिचा जीव राखला होता आणि तो राखायला जे लागणार होतं ते मोडून ठेवलं होतं. पुढे ढकललेली पाचवीची तारीख आठवड्यावर आली होती. ती जाणार नव्हती.

जेठू आठ दिवस खिडकीशी आले नाहीत. नवव्या दिवशी संध्याकाळी आले, हातात वह्यांचा गठ्ठा. अठ्ठावीस वर्षांच्या वह्या होत्या, त्यातल्या चार वर सुतळीने वेगळ्या बांधलेल्या.

"मी वाचत होतो," ते म्हणाले. "केमो चालू असताना ताप आलेले. आणि मी 'शुभ लक्षण, थांबावे' लिहिलेले. पाच सापडले. तिघं नंतर भेटलेत मला, ठणठणीत आहेत. दोघं परत आलेच नाहीत."

"मग?"

"मी काय समजत होतो माहीतेय? आला नाही म्हणजे बरा झाला." त्यांनी चष्मा काढला. "आख्ख्या जगाला प्रश्न विचारत फिरलो, बुलू. हा एक विचारला नाही. उद्या माझ्याबरोबर येशील? एकट्याने जायचा धीर होत नाही."

दोघांपैकी एक कुटुंब आसामला गेलं होतं. दुसरं घर गिरणीमागच्या गल्लीत होतं. भूदेव घोडुई, गिरणीतला फिटर, जेठूंच्याच पाळीतला. दार त्याच्या बायकोने उघडलं. चपला तिचं नाव. जेठूंना बघून तिचा चेहरा फुलला. "या या, दादा! किती दिवसांनी!" तिने आतून वेताचा मोडा आणला, बसायला लावलं, वाटीत नव्या गुळाचे लाडू ठेवले.

जेठूंनी लाडवाला हात लावला नाही. "चपला, भूदेवला चार वर्षांपूर्वी ताप आला होता. मी थांबा म्हणालो होतो."

"हो."

"नंतर काय झालं?"

ती पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "पाचव्या दिवशी गेले, दादा."

"मला कळवलं नाहीस."

"कसं कळवणार? तुम्ही मुद्दाम सायकलवरून येऊन बसला होतात. ते म्हणायचे, या माणसाने माझं सगळं विचारलं, माझ्या आईनेसुद्धा एवढं विचारलं नव्हतं. गेल्यावर मीच सगळ्यांना सांगितलं, पाकडाशीदादांच्या कानावर घालू नका. त्यांना लागेल." तिने लाडवांची वाटी जरा सरळ केली. "आणि कदाचित तसेही गेले असते. रोगच तसा होता."

"कदाचित," जेठू म्हणाले. "कदाचित नसताही."

"नसतेही," चपलाने मान्य केलं. आणि मग, आमच्याकडची बाईच असं करू शकते, तिने वाटी परत त्यांच्यापुढे सरकवली. "खा ना, दादा. गूळ यंदा चांगला निघालाय."

त्यांनी खाल्ला. कसा गिळला देव जाणे. माझ्याच्याने गिळवला नाही.

हे सगळं मी घरी येऊन बौदीला सांगितलं, ती ऐकतेय की नाही याची पर्वा न करता. लपवून एकदा हात पोळले होते. बौदीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग उठली, डोक्याला रुमाल बांधला आणि आजारपणानंतर पहिल्यांदा गल्लीत पाय टाकला. मी मागोमाग.

जेठू पेटीसमोर बसले होते. पेटी बंद.

"जेठू, एक विचारायचंय," बौदी म्हणाली. "माझ्या पुडीत खरं औषध असतं तर त्या दिवशी तुम्ही थांबायला सांगितलंच असतं?"

"हो."

"आणि मी थांबले असते."

"हो, अणिमा. मी ते रोज मनात घोळवतोय."

"ते तुम्ही घोळवा. मी दुसरं घोळवतेय." ती त्यांच्या खाटेच्या कडेवर बसली. "चौथी कुणी काढली मग? पुडीत तर काही नव्हतं."

जेठूंनी मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत तो जुना हावरेपणा दिसला, प्रश्न सापडल्याचा. "हॉस्पिटलच्या गोळीने. वेळेवर घेतलीस म्हणून."

"ती पोटाचं बघते. पूल कोणी ओलांडला?"

"ते..." जेठू म्हणाले आणि थांबले. "ते मला माहीत नाही."

"मलाही नाही," मी म्हटलं. फिजिक्सच्या बाईला असं म्हणायला जड जातं, पण म्हटलं.

"मी ओलांडला, गाढवांनो," बौदी म्हणाली. "साखर चघळत. दोघंही शिकलेली, पण घोडं अडलं ते इथेच. आता मंगळवारी पाचवी आहे. मला पुड्या हव्यात."

"अणिमा, मी आता औषध देणार नाही."

"औषध कोण मागतंय? कोरी साखर द्या. मला तोंडात काहीतरी लागतं पुलावर. पण पुडी तुम्ही वळायची. बुलूच्या घड्या बघितल्यायत मी, भेळेची पुडी बरी."

म्हणजे घड्या तिच्या लक्षात आल्या होत्या! तिने आजतागायत मला सांगितलेलं नाही की तेव्हा तिला काय वाटलं होतं, आणि मी विचारलेलं नाही.

जेठूंनी पुड्या वळल्या. प्रत्येकीवर आकडा घालायच्या जागी शाईने बारीक अक्षरात लिहिलं: 'साखर. ताप आल्यास थेट हॉस्पिटल.' सात पुड्यांवर सात वेळा. मग पेटी उचलून माळ्यावर टाकायला लावली मला. जड होती.

पाचवी झाली. सहावी झाली. रोज सकाळी सातला, टाइमकीपरच्या ठोक्याला, जेठू खिडकीशी उभे. चव विचारायचे, झोप विचारायचे, मावशीचं विचारायचे, पण सगळ्याच्या आधी एकच प्रश्न. "ताप किती?" बौदी थर्मामीटर उजेडात धरून आकडा ओरडायची आणि ते वहीत लिहायचे.

सहावीनंतरचे एकवीस दिवस संपले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता तीन महिन्यांनी या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात दात घासत होते, तर फाटकाशी माकडटोपी.

"जेठू, संपलं ना सगळं. आता कशाला एवढ्या थंडीत?"

"आला नाही म्हणजे बरा झाला, असं मी अठ्ठावीस वर्षं धरून चाललो," ते म्हणाले. "आता विचारून जाईन."

आणि ते खिडकीकडे वळले. त्यांनी विचारायच्या आधीच आतून बौदीचा आवाज आला.

"अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन! आणि जेठू, सौरीनने कातला मासा आणलाय. कच्च्या मोहरीच्या तेलात पडलाय, इथपर्यंत वास येतोय. लिहा, चांगला येतोय."